ऑटोमेशन स्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्टचा प्रकार कसा ओळखावा

फॉर्मवर ‘नियम मान्य’ असा एक चेकबॉक्स आहे आणि चाचणी आपोआप चालवणाऱ्या स्क्रिप्टला त्यावर क्लिक करायला सांगितलं आहे. क्लिक होतं, पायरी हिरवी म्हणजे पास होते. पण चेकबॉक्सवर आधीपासून टिक असेल, तर त्याच क्लिकने ती निघून जाते. दुसऱ्या एका फॉर्मवर स्क्रिप्ट ड्रॉपडाउनला टेक्स्टबॉक्स समजून त्यात अक्षरं टाइप करते. हवा तो पर्याय यादीत नसेल, तर ब्राउझर पहिल्या काही अक्षरांशी जुळणाऱ्या भलत्याच पर्यायावर थांबू शकतो, आणि तरीही कुठेही एरर येत नाही. दोन्हीकडे लोकेटर (वस्तू पानावर कुठे आहे ते सांगणारा पत्ता) बरोबर होता, कमांडही चालली. समोरची वस्तू कोणत्या प्रकारची आहे, हे मात्र स्क्रिप्टने विचारलंच नाही. लाल होणारी चाचणी निदान लक्ष वेधून घेते. अशी खोटी हिरवी चाचणी महिनोन्‌महिने कुणाच्या नजरेला पडत नाही.

या विषयात माझं मत ठाम आहे. प्रकार माणसाने आधी जाहीर करावा आणि स्क्रिप्टने धावताना तो फक्त पडताळावा. धावता धावता प्रकार हुडकून काढण्याचं काम खरोखर गरज असेल तिथेच स्क्रिप्टवर सोपवावं. तिथेही प्रश्नांचा क्रम ठरलेला हवा आणि उत्तर मिळालं नाही तर स्क्रिप्टने अंदाज न करता थांबावं. हे सगळं पायरीपायरीने कसं करायचं ते पुढे मांडलं आहे. उदाहरणं मुख्यतः वेबची आहेत, कारण तिथे गोंधळ सर्वात जास्त होतो. डेस्कटॉप आणि मोबाइलही येतील.

पायरी १: कोणत्या प्रकाराबद्दल विचारताय ते आधी वेगळं करा

‘ऑब्जेक्टचा प्रकार’ म्हणताना टेस्टरच्या डोक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की पुढचं सगळं चुकतं.

पहिला प्रकार प्रोग्रामिंग भाषेचा. पायथनमध्ये ‘टाइप’ किंवा ‘इझइन्स्टन्स’, जावामध्ये ‘इन्स्टन्सऑफ’, जावास्क्रिप्टमध्ये ‘टाइपऑफ’ जे उत्तर देतं ते स्क्रिप्टमधल्या व्हेरिएबलबद्दल असतं, स्क्रीनवरच्या वस्तूबद्दल नाही. सेलेनियम या वेब-ऑटोमेशन टूलमध्ये तुम्ही बटण शोधा, चेकबॉक्स शोधा की नुसता परिच्छेद शोधा, हाती येतो तो वेबएलिमेंटच. त्यामुळे भाषेला प्रकार विचारून तिथे काही कळत नाही.

दुसरा प्रकार टूलने लावलेल्या लेबलचा. यूएफटी या चाचणीच्या टूलमध्ये वेबएडिट, वेबलिस्ट, वेबचेकबॉक्स, वेबबटण, लिंक असे वर्ग असतात. टूल पानाकडे बघून आपल्या नियमांनुसार प्रत्येक वस्तूला त्यातला एखादा वर्ग देतं. हे लेबल उपयोगाचं असतं, पण तो टूलचा निर्णय आहे. डेव्हलपरने साध्या ‘डिव्ह’मधून (एचटीएमएलच्या नुसत्या डब्यामधून) बनवलेला ड्रॉपडाउन यूएफटीला नुसता वेबएलिमेंट दिसू शकतो.

तिसरा प्रकार म्हणजे वापरणाऱ्याच्या दृष्टीने ती वस्तू काय आहे: टिक करायची, निवडायची, लिहायची, दाबायची. चाचणीला खरं तर हाच हवा असतो. पहिले दोन प्रकार त्याच्याकडे जाण्याचे रस्ते आहेत.

तरीही भाषेच्या प्रकाराकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण काही सापळे तिथेच लपलेले असतात. जावास्क्रिप्टमध्ये ‘टाइपऑफ नल’चं उत्तर ‘ऑब्जेक्ट’ येतं आणि ॲरेचंही ‘ऑब्जेक्ट’च येतं, म्हणून ॲरेसाठी ‘ॲरे-डॉट-इझॲरे’ वापरावं लागतं. पायथनमध्ये ‘ट्रू’ हा पूर्णांकही मानला जातो, त्यामुळे बूलियनची तपासणी पूर्णांकाच्या आधी करावी. स्क्रीनवरून वाचलेला मजकूर कायम स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ असतो. ‘१०’ आणि ‘९’ यांची स्ट्रिंग म्हणून तुलना केली तर ‘९’ मोठा ठरतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. तक्त्यातल्या रकमा चढत्या क्रमाने आहेत का हे तपासणाऱ्या चाचण्या नेमक्या इथे फसतात. एकच एलिमेंट शोधणारी सेलेनियमची कमांड काही सापडलं नाही तर एक्सेप्शन फेकते, पण अनेक एलिमेंट शोधणारी कमांड रिकामी यादी देते. त्या यादीवरचा लूप एकदाही न फिरता संपतो आणि चाचणी शांतपणे पास होते. यादी रिकामी नाही ना, हे लूपच्या आधी तपासलंच पाहिजे.

पायरी २: वस्तू कोणत्या जगात आहे?

टॅग (एचटीएमएलमधलं घटकाचं नाव) आणि टाइपकडे वळण्याआधी ठिकाण ठरवा. मुख्य पानातली वस्तू, आयफ्रेममधली (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानातली) वस्तू, शॅडो डॉममधली वस्तू (डॉम म्हणजे ब्राउझरमधली पानाची रचना, शॅडो डॉम हा तिचा वेगळा ठेवलेला भाग), ब्राउझरचा ॲलर्ट आणि ऑपरेटिंग सिस्टिमची खिडकी ही पाच वेगळी जगं आहेत. प्रत्येकात शिरण्याची रीत वेगळी आहे.

आयफ्रेममधल्या वस्तूसाठी सेलेनियमला आधी त्या फ्रेममध्ये स्विच करावं लागतं. शॅडो डॉमसाठी सेलेनियम ४ मध्ये होस्ट एलिमेंटकडून (शॅडो डॉम ज्याला जोडलेला आहे त्याच्याकडून) शॅडो रूट, म्हणजे त्या भागाचं मूळ, मागता येतो आणि मग आत सीएसएस सिलेक्टरने शोधता येतं. प्लेराइट या दुसऱ्या टूलचे सीएसएस लोकेटर उघड्या शॅडो डॉममध्ये आपोआप शिरतात, पण एक्सपाथ (वस्तू शोधण्याची दुसरी पद्धत) तिथेही आत जात नाही. जावास्क्रिप्टचा ॲलर्ट मुळात एलिमेंट नाहीच. त्याला टॅग नाही, ॲट्रिब्युट नाही. त्याच्याशी ॲलर्टसाठीच्या कमांडनेच बोलावं लागतं.

फाइल निवडण्याची खिडकी ऑपरेटिंग सिस्टिमची असते आणि वेबड्रायव्हरला (सेलेनियम ज्याच्यामार्फत ब्राउझर चालवतं त्याला) ती दिसत नाही. म्हणून फाइल इनपुटवर क्लिक करून खिडकी उघडण्याच्या फंदात पडू नका. त्या इनपुटलाच फाइलचा पूर्ण पत्ता ‘सेंडकीज’ या टाइप करण्याच्या कमांडने द्या.

मोबाइलवर ॲपियम या टूलमध्ये हाच प्रश्न संदर्भाच्या रूपात येतो. नेटिव्ह संदर्भात असताना वेबव्ह्यूमधलं (ॲपच्या आत दाखवलेल्या वेबपानातलं) बटण अँड्रॉइडच्या भाषेत बोलतं, वेबव्ह्यू संदर्भात गेल्यावर तेच बटण एचटीएमएलच्या भाषेत बोलतं. संदर्भ न तपासता प्रकार विचारला, तर उत्तर खरं असूनही निरुपयोगी ठरतं.

पायरी ३: टॅग आणि टाइप वाचा, पण नीट वाचा

सर्वात जास्त वेळ या पायरीला द्या. इथे चूक झाली तर पुढे कितीही हुशारी केली तरी ती भरून निघत नाही.

सुरुवात टॅगनावाने. सेलेनियम एचटीएमएलचं टॅगनाव लहान अक्षरांत देतं. जावास्क्रिप्टमधून एचटीएमएल एलिमेंटचं टॅगनाव वाचलं तर ते मोठ्या अक्षरांत येतं, आणि एसव्हीजी चित्रांमधल्या एलिमेंटचं मात्र जसं लिहिलं असेल तसंच येतं. म्हणून तुलना करण्याआधी सगळं लहान अक्षरांत आणायची सवय लावून घ्या.

‘इनपुट’ हा टॅग एकटा काहीच सांगत नाही. टेक्स्टबॉक्स, पासवर्ड, चेकबॉक्स, रेडिओ, फाइल, तारीख, संख्या, रेंज, सबमिट बटण हे सगळे ‘इनपुट’च आहेत. त्यांच्यातला फरक ‘टाइप’मध्ये असतो. आणि तो टाइप दोन जागी असतो: एक ॲट्रिब्युटमध्ये, म्हणजे डेव्हलपरने एचटीएमएलमध्ये जे लिहिलं ते, आणि दुसरा प्रॉपर्टीमध्ये, म्हणजे ब्राउझरने त्याचा जो अर्थ लावला तो. बहुतेक वेळा दोन्ही सारखेच असतात. पण टाइप लिहिलाच नसेल तर ॲट्रिब्युट रिकामं येतं आणि प्रॉपर्टी ‘टेक्स्ट’ सांगते. टाइप चुकीचा लिहिला असेल, किंवा ब्राउझरला तो माहीत नसेल, तरीही प्रॉपर्टी ‘टेक्स्ट’च सांगते, कारण ब्राउझर प्रत्यक्षात साधा टेक्स्टबॉक्सच दाखवतो. प्रकार ठरवायचा असेल तर प्रॉपर्टीवर विश्वास ठेवा. ॲट्रिब्युट तेव्हाच वाचा जेव्हा डेव्हलपरने नेमकं काय लिहिलं याचीच चाचणी घ्यायची आहे.

सेलेनियमची जुनी ‘गेटॲट्रिब्युट’ कमांड नावाप्रमाणे वागत नाही. ती आधी प्रॉपर्टी बघते आणि ती नसेल तरच ॲट्रिब्युट देते. २०२१ मध्ये आलेल्या सेलेनियम ४ मध्ये डॉम ॲट्रिब्युट आणि डॉम प्रॉपर्टी वाचण्याच्या दोन स्वतंत्र कमांड आहेत. नव्या स्क्रिप्टमध्ये त्याच वापरा, म्हणजे वाचणाऱ्यालाही तुमचा हेतू कळतो. जुन्या कमांडची आणखी एक खोड म्हणजे ‘चेक्ड’सारख्या हो-नाही गोष्टींसाठी ती बूलियन देत नाही. ‘ट्रू’ अशी स्ट्रिंग देते, किंवा काहीच देत नाही. त्या स्ट्रिंगची खऱ्या बूलियनशी तुलना केली की उत्तर कायम ‘नाही’ येतं. टिक आहे का हे विचारण्यासाठी ‘इझसिलेक्टेड’ आहे, ते वापरावं.

टाइप प्रॉपर्टी फक्त ‘इनपुट’लाच असते असंही नाही. ‘सिलेक्ट’ टॅगला विचारलं तर एक पर्याय निवडता येत असेल तेव्हा ‘सिलेक्ट-वन’ आणि अनेक निवडता येत असतील तेव्हा ‘सिलेक्ट-मल्टिपल’ असं उत्तर मिळतं. ‘टेक्स्टएरिया’ला विचारलं तर ‘टेक्स्टएरिया’ मिळतं. ‘बटण’ टॅगवर टाइप लिहिलेला नसेल तर सहसा ‘सबमिट’ मिळतं, आणि ते कामाचं आहे. फॉर्मच्या आत नुसतं ‘पुढे’ म्हणून ठेवलेलं बटण फॉर्मच सबमिट करतं आणि टेस्टर पान का बदललं याचा शोध घेत बसतो.

बटणांचीच गोष्ट निघाली आहे तर तीही पूर्ण करू. वापरणाऱ्याला बटण वाटणारी वस्तू ‘बटण’ टॅग असू शकते, ‘सबमिट’, ‘बटण’, ‘रिसेट’ किंवा ‘इमेज’ टाइपचा इनपुट असू शकते, किंवा बटणासारखी रंगवलेली लिंक असू शकते. ‘इमेज’ टाइपचा इनपुट चित्र दिसत असला तरी तो सबमिट बटणच आहे. आणि ‘एचरेफ’ नसलेला ‘ए’ टॅग लिंकसारखा दिसला तरी ब्राउझरच्या लेखी तो लिंक नाही. कीबोर्डने त्यावर जाताही येत नाही.

सीएसएस क्लासच्या नावावरून प्रकार ठरवू नका. क्लासमध्ये ‘बीटीएन’ असलं म्हणजे वस्तू बटण झाली असं नाही. ते नाव सजावटीसाठी आहे आणि डिझाइन बदललं की पहिलं तेच बदलतं.

पायरी ४: भूमिका विचारा

आजच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये बरीच गुंतागुंत ‘डिव्ह’ आणि ‘स्पॅन’मधून बनवलेल्या कंट्रोलची असते. त्यांचा टॅग काहीच सांगत नाही. तिथे ‘रोल’ म्हणजे भूमिका कामी येते. या भूमिका ठरवणारं आरिया हे डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक आहे. त्याची १.० आवृत्ती २०१४ मध्ये आणि १.२ आवृत्ती २०२३ मध्ये शिफारस म्हणून आली. दृष्टिहीन वापरणाऱ्यांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला वस्तू काय आहे ते कळावं, हा त्याचा उद्देश. स्क्रीन रीडरला जो प्रश्न पडतो तोच टेस्ट स्क्रिप्टला पडतो, म्हणून हे मानक आपल्याला इतकं उपयोगी पडतं.

काही भूमिका डेव्हलपर लिहितो, तर काही टॅगमधून आपोआप येतात. ‘नंबर’ टाइपच्या इनपुटची भूमिका ‘स्पिनबटण’ असते, ‘रेंज’ची ‘स्लायडर’. साधा ‘सिलेक्ट’ हा ‘कॉम्बोबॉक्स’ असतो, आणि त्यालाच अनेक निवडी दिल्या की ‘लिस्टबॉक्स’ होतो. टेक्स्टबॉक्सला ‘लिस्ट’ ॲट्रिब्युटने सुचवण्यांची यादी जोडली की तोही ‘कॉम्बोबॉक्स’ होतो. प्लेराइटमध्ये भूमिकेनुसार थेट शोधता येतं आणि सेलेनियम ४ मध्ये एलिमेंटची आरिया भूमिका विचारता येते. दोन्हीकडे आपोआप आलेली भूमिकाही मिळते. नुसतं ‘रोल’ ॲट्रिब्युट वाचलं, तर फक्त हाताने लिहिलेलीच मिळते.

भूमिकेलाही मर्यादा आहेत. पासवर्ड, तारीख आणि फाइल या इनपुटना मानकात भूमिका नेमलेली नाही, त्यामुळे वेगवेगळी टूल वेगवेगळं उत्तर देतात. या तिघांसाठी टाइपच प्रमाण धरा. दुसरी गोष्ट, भूमिका म्हणजे वचन असतं. डेव्हलपरने ‘चेकबॉक्स’ ही भूमिका लिहिली पण ‘आरिया-चेक्ड’ बदलायचं विसरला, तर भूमिका बरोबर आणि स्थिती खोटी अशी अवस्था होते. हा स्क्रिप्टचा नाही, ॲप्लिकेशनचा दोष आहे. तो बग म्हणून नोंदवा. स्क्रिप्टमध्ये त्याला बगल देऊन पुढे गेलात, तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी ते पान तसंच मोडकं राहील.

पायरी ५: वस्तू काय करू शकते ते तपासा

नाव कळलं तरी क्षमता वेगळी असू शकते. डेस्कटॉपवर ही कल्पना फार स्वच्छ मांडलेली आहे. विंडोजच्या यूआय ऑटोमेशनमध्ये प्रत्येक वस्तूला एक कंट्रोल टाइप असतो आणि शिवाय ती कोणते पॅटर्न (क्षमतांचे ठरलेले संच) पाळते हेही विचारता येतं. दाबता येणारी वस्तू ‘इनव्होक’, चालू-बंद होणारी ‘टॉगल’, मूल्य देता येणारी ‘व्हॅल्यू’, उघडझाप होणारी ‘एक्सपांड-कोलॅप्स’ आणि यादीतला निवडता येणारा घटक ‘सिलेक्शन आयटम’ पाळतो. दाबून ठेवल्यासारखं दिसणारं टॉगल बटण कंट्रोल टाइपने ‘बटण’च असतं, पण ते ‘टॉगल’ पाळतं. कंट्रोल टाइप बघून नुसतं दाबलंत, तर चेकबॉक्सवाला घोटाळा इथेही होतो. रेडिओ बटण मात्र ‘टॉगल’ पाळत नाही. ते ‘सिलेक्शन आयटम’ पाळतं, कारण दुसऱ्यांदा दाबून ते बंद होत नसतं. डेस्कटॉपवर मी आधी पॅटर्न विचारतो आणि मग कंट्रोल टाइप.

‘टॉगल’ला तीन अवस्था असतात: चालू, बंद आणि अनिश्चित. वेबवरच्या चेकबॉक्सलाही ‘इनडिटरमिनेट’ ही अवस्था आहे, पण ती फक्त प्रॉपर्टीतून मिळते, एचटीएमएलमध्ये लिहिता येत नाही. ‘सगळे निवडा’ या चेकबॉक्सची चाचणी करताना खालच्यांपैकी सगळे नव्हे, फक्त काही निवडलेले असतील, तर ही तिसरी अवस्था तपासायला हवी.

अँड्रॉइडवर प्रत्येक वस्तूला ‘क्लास’ असतो, जसं ‘अँड्रॉइड-डॉट-विजेट-डॉट-एडिटटेक्स्ट’. पण जेटपॅक कंपोज या अँड्रॉइडच्या यूआय लायब्ररीत बनवलेल्या स्क्रीनवर बरेच घटक नुसते ‘व्ह्यू’ म्हणून दिसतात. तिथे ‘चेकेबल’, ‘क्लिकेबल’, ‘स्क्रोलेबल’ हे ॲट्रिब्युट जास्त बोलतात. एक खाचखळगा लक्षात ठेवा: ‘चेक्ड’ हे ॲट्रिब्युट टिक करता न येणाऱ्या वस्तूवरही असतं आणि त्याचं मूल्य ‘फॉल्स’ असतं. म्हणून ‘चेक्ड’ विचारण्याआधी ‘चेकेबल’ विचारा. नाहीतर एखादं लेबल ‘टिक न केलेला चेकबॉक्स’ म्हणून खपून जाईल. आयओएसवर प्रकाराचं नाव अधिक स्पष्ट असतं: ‘एक्ससीयूआय-एलिमेंट-टाइप’च्या पुढे ‘बटण’, ‘टेक्स्टफील्ड’, ‘सिक्युअर टेक्स्टफील्ड’, ‘स्विच’ असं काही येतं. स्विचचं मूल्य ‘०’ किंवा ‘१’ असं येतं, तेही स्ट्रिंगमध्ये.

वेबवर क्षमतेचे दोनच प्रश्न पुरतात. लिहिता येतं का, आणि आत्ता वापरता येतं का? ‘रीडओन्ली’ फक्त मजकूर किंवा मूल्य भरायच्या चौकटींना लागू पडतं; चेकबॉक्स, रेडिओ आणि ‘सिलेक्ट’वर त्याचा परिणाम होत नाही. फॉर्मेटिंगची सोय असलेले मजकूर संपादक ‘कंटेंट-एडिटेबल’ने बनलेले असतात. तिथे ‘व्हॅल्यू’ नसते, मजकूर वाचावा लागतो. ‘इझ-कंटेंट-एडिटेबल’ ही प्रॉपर्टी आतल्या मुलांनाही ‘हो’ म्हणते, त्यामुळे संपादकाचं मूळ शोधायचं असेल तर ॲट्रिब्युट असलेला एलिमेंट धरा.

पायरी ६: प्रश्नांचा क्रम एकाच जागी बांधा

आतापर्यंतचे प्रश्न प्रत्येक चाचणीत विखुरले, तर देखभाल अशक्य होते. एकच फंक्शन लिहा. त्यात क्रम महत्त्वाचा. मूळ एचटीएमएल कंट्रोल आधी, कारण टूलच्या कमांड त्यांच्यासाठी बनल्या आहेत. मग संपादक, मग लिहिलेली भूमिका, मग साधं बटण आणि लिंक. लिंकच्या आधी भूमिका असल्यामुळे ‘बटण’ भूमिकेची लिंक बटणच ठरते.

प्रकार-ओळख (घटक):
टॅग ‘सिलेक्ट’ असेल: ‘मल्टिपल’ असल्यास बहुनिवड यादी, नाहीतर ड्रॉपडाउन
टॅग ‘टेक्स्टएरिया’ असेल: मोठा टेक्स्टबॉक्स
टॅग ‘इनपुट’ असेल: टाइप प्रॉपर्टी बघा
  चेकबॉक्स, रेडिओ, फाइल, तारीख, रेंज: जसा टाइप तसा प्रकार
  सबमिट, बटण, रिसेट, इमेज: बटण
  हिडन: एरर, वापरणाऱ्याला ही वस्तू दिसतच नाही
  टेक्स्ट, सर्च, ईमेल, टेल, यूआरएल, पासवर्ड, नंबर: भूमिका ‘कॉम्बोबॉक्स’ असेल किंवा ‘लिस्ट’ जोडलेली असेल तर सुचवणी-बॉक्स, नाहीतर टेक्स्टबॉक्स
‘कंटेंट-एडिटेबल’ ॲट्रिब्युट असून त्याचं मूल्य ‘फॉल्स’ नसेल: संपादक
लिहिलेली भूमिका ओळखीची असेल: त्या भूमिकेचा प्रकार
टॅग ‘बटण’ असेल: बटण
टॅग ‘ए’ आणि ‘एचरेफ’ असेल: लिंक
नाहीतर: एरर, सोबत टॅग, टाइप, भूमिका आणि बाहेरचं एचटीएमएल

शेवटची ओळ काढून तिथे ‘नाहीतर क्लिक करा’ असं लिहिण्याचा मोह होतो. तो टाळा. न ओळखलेली वस्तू म्हणजे ॲप्लिकेशनमध्ये नवं काहीतरी आलं आहे, आणि ते तुम्हाला त्याच दिवशी कळायला हवं. एररमध्ये वस्तूचं एचटीएमएल छापलेलं असेल, तर दुरुस्ती काही मिनिटांत होते.

यातला प्रत्येक प्रश्न ब्राउझरपर्यंत जाऊन येतो. मोठ्या फॉर्मवर हे जाणवतं. सगळे प्रश्न जावास्क्रिप्टच्या एकाच तुकड्यात एकत्र करून एका फेरीत उत्तरं आणा. त्या तुकड्याने एकच ऑब्जेक्ट परत द्यावा. सेलेनियम त्याला पायथनमध्ये डिक्शनरी आणि जावामध्ये मॅप बनवून देतं.

पायरी ७: जाहीर करा आणि पडताळा

आता मूळ शिफारशीकडे येऊ. पेज ऑब्जेक्ट (एका पानावरच्या वस्तू एकत्र मांडणारा कोड) लिहिताना प्रत्येक वस्तूला प्रकार द्या. ‘नियम मान्य’ हा चेकबॉक्स, ‘विभाग’ हा ड्रॉपडाउन, ‘शेरा’ हा संपादक. त्यासाठी छोटे वर्ग बनवा. चेकबॉक्सच्या वर्गात ‘क्लिक कर’ नावाची क्रियाच ठेवू नका. ‘टिक असू दे’ आणि ‘टिक नसू दे’ अशा दोन ठेवा. प्रत्येक क्रिया आधी स्थिती बघेल, गरज असेल तरच क्लिक करेल आणि नंतर स्थिती पुन्हा वाचून खात्री करेल. प्लेराइटची ‘चेक’ कमांड असंच वागते: वस्तू चेकबॉक्स किंवा रेडिओ नसेल तर एरर देते, आणि आधीच टिक असेल तर हात लावत नाही. सेलेनियमचा ‘सिलेक्ट’ वर्गही ‘सिलेक्ट’ टॅग नसलेली वस्तू दिली की टॅगनाव अनपेक्षित असल्याचं एक्सेप्शन फेकतो. टूलमध्ये असलेले हे पहारे वापरा. ते टाळून थेट जावास्क्रिप्टने क्लिक करणारी स्क्रिप्ट तुमच्या हातातली सगळी सुरक्षा फेकून देते.

पडताळणी केव्हा करायची? वस्तू पहिल्यांदा वापरताना. वर्गाने पायरी ६ मधल्या फंक्शनला विचारावं आणि जाहीर केलेल्या प्रकाराशी उत्तर जुळलं नाही तर ‘ड्रॉपडाउन अपेक्षित होता, सुचवणी-बॉक्स मिळाला’ असं स्पष्ट सांगून थांबावं. डेव्हलपरने यूआय लायब्ररी बदलली की अशा ओळी एकाच वेळी अनेक दिसतात, आणि नेमकं काय बदललं ते लॉग वाचून लगेच कळतं.

पहिल्या भेटीतलं उत्तर कायमचं जपून ठेवू नका. तक्त्यातला रकाना डबल क्लिक केल्यावर ‘स्पॅन’चा ‘इनपुट’ होतो. पान पुन्हा रेंडर झालं की जुना संदर्भ शिळा होतो आणि स्टेल एलिमेंटचं एक्सेप्शन येतं. संदर्भ नव्याने मिळवलात की प्रकारही नव्याने पडताळा.

दिसणारा स्विच आणि खरा चेकबॉक्स वेगळे असतात तिथे आणखी एक काम करावं लागतं. बऱ्याच लायब्ररी खरा इनपुट दृष्टीआड ठेवतात आणि त्याच्या लेबलवर रंगीत स्विच काढतात. अशा वेळी क्लिक लेबलवर करा, पण स्थिती खऱ्या इनपुटवरून वाचा. वर्गात दोन्ही लोकेटर ठेवले की चाचणी लिहिणाऱ्याला ही भानगड दिसतही नाही.

हाताने बनवलेल्या ड्रॉपडाउनलाही स्वतःचा वर्ग हवा. आधी ‘आरिया-एक्सपांडेड’ बघून तो उघडा आहे का ते ठरवा आणि नसेल तर उघडा. पर्यायांची यादी त्याच्या पोटात असेल असं गृहीत धरू नका. बऱ्याचदा ती पानाच्या अगदी शेवटी जोडलेली असते. ‘आरिया-कंट्रोल्स’मध्ये यादीचा आयडी असतो, त्यावरून ती गाठा आणि त्यातला ‘ऑप्शन’ भूमिकेचा घटक निवडा. लांब यादीतले न दिसणारे पर्याय कधी कधी डॉममध्येच नसतात. तिथे आधी काही अक्षरं टाइप करून यादी आखूड करावी लागते.

यूएफटीवाल्यांसाठी

यूएफटीमध्ये रिपॉझिटरीत (वस्तूंच्या नोंदींच्या साठ्यात) वर्ग आधीच ठरलेला असतो, म्हणजे जाहीर करण्याचं काम झालेलंच असतं. त्यामुळे तिथल्या वेबएडिट ऑब्जेक्टला ‘मिकक्लास’, म्हणजे त्याचा वर्ग, विचारून काही नवं कळत नाही. वर्ग बदलला असेल तर ती वस्तू सापडणारच नाही. प्रकार खरोखर हुडकायचा असेल तर डिस्क्रिप्शन ऑब्जेक्ट बनवून पानाकडून ‘चाइल्डऑब्जेक्ट्स’ मागवा आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘गेटआरओप्रॉपर्टी’ने ‘मिकक्लास’ विचारा. ‘गेटटीओप्रॉपर्टी’ रिपॉझिटरीत नोंदलेलं मूल्य देते आणि ‘गेटआरओप्रॉपर्टी’ चालू स्क्रीनवरचं देते. या दोहोंची अदलाबदल झाली की तपासणी स्वतःशीच जुळते आणि कधीच अपयशी होत नाही. रेडिओ बटणांचा संच यूएफटीला एकच ‘वेबरेडिओग्रुप’ दिसतो. सेलेनियममधून आलेल्याला प्रत्येक रेडिओ स्वतंत्र मोजायची सवय असते, त्यामुळे संख्या जुळत नाहीत आणि तो गोंधळतो.

धावताना हुडकणं केव्हा योग्य?

फॉर्मची रचना डेटाबेसमधून ठरत असेल, वापरणाऱ्याला स्वतः चौकटी जोडता येत असतील, किंवा शेकडो पानांवर फक्त ‘भरा आणि जतन करा’ एवढंच तपासायचं असेल, तर प्रत्येक वस्तू हाताने जाहीर करणं परवडत नाही. तिथे पायरी ६ चं फंक्शन थेट वापरा. प्रत्येक प्रकारासाठी भरण्याची पद्धत ठरवा आणि काय ओळखलं, काय भरलं हे ओळीओळीने लॉगमध्ये लिहा. भरल्यावर मूल्य परत वाचायला विसरू नका. टेक्स्टबॉक्ससाठी ‘व्हॅल्यू’, चेकबॉक्ससाठी निवड, ड्रॉपडाउनसाठी निवडलेल्या पर्यायाचा मजकूर, संपादकासाठी आतला मजकूर. तारखेच्या इनपुटची ‘व्हॅल्यू’ मात्र स्क्रीनवर कशीही दिसत असली तरी वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने मिळते, त्यामुळे दिसणाऱ्या मजकुराशी तिची तुलना करू नका.

पायरी ८: ओळखणाऱ्या फंक्शनचीच चाचणी ठेवा

ज्या फंक्शनवर सगळ्या चाचण्या उभ्या आहेत त्याची स्वतंत्र चाचणी हवी. एक साधं एचटीएमएल पान बनवून कोडसोबतच ठेवा. त्यावर तुमच्या ॲप्लिकेशनमधला प्रत्येक प्रकार एकेकदा मांडा. टाइप न लिहिलेला इनपुट, चुकीचा टाइप लिहिलेला इनपुट, ‘एचरेफ’ नसलेला ‘ए’, भूमिका लिहिलेला ‘डिव्ह’, आयफ्रेममधला चेकबॉक्स, शॅडो डॉममधलं बटण, अनिश्चित अवस्थेतला चेकबॉक्स हे त्यात आलेच पाहिजेत. प्रत्येक वस्तूवर ‘डेटा’ने सुरू होणाऱ्या ॲट्रिब्युटमध्ये अपेक्षित प्रकार लिहा आणि फंक्शनचं उत्तर त्याच्याशी ताडून बघा. जाणूनबुजून न ओळखता येणारी एक वस्तूही ठेवा आणि तिच्यावर एरर येते का ते तपासा. हे पान उघडायला ॲप्लिकेशन लागत नाही, सर्व्हर लागत नाही, त्यामुळे ब्राउझर, टूल किंवा लायब्ररीची आवृत्ती बदलली की आधी तेच चालवता येतं. मुख्य चाचण्यांमध्ये ‘ओळखता आलं नाही’ अशी एरर आली, की त्या वस्तूचं एचटीएमएल लॉगमधून उचलून या पानावर घाला, तिचा प्रकार डेव्हलपरला विचारून लिहा आणि मगच फंक्शनमध्ये नवी ओळ जोडा.